ठाणेदारांचं रिवाल्वर आणि पैनगंगेचं पाणी

पोलीस लायनीत किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. तव्याच्या पाठीवरच्या काजळीसारखे ते आपोआप जमतात. आज घासून लख्ख करा, उद्या पुन्हा तितकेच! मी हवालदाराची बायको. अर्धं आयुष्य लायनीच्या चुली फुंकण्यात गेलं, त्यामुळे माझ्याजवळ काजळी भरपूर.

आमचं गाव मेहकरच्या खालच्या अंगाला, पैनगंगेच्या काठी. पुढे ठाणं, ठाण्यामागे आमची लायन, लायनीमागे डोह. ठाणेदारसाहेबांना सरकारकडून रिवाल्वर मिळालं, आणि त्या रिवाल्वरचं अन् पाण्याचं कुठलं जुनं वैर होतं कोण जाणे! एकदाही पटलं नाही. लायनीतल्या बायका अजून म्हणतात, "हवालदारीणबाई, तो घागरीचा किस्सा सांगा ना!" मी सांगते. पोट दुखेपर्यंत हसवते.

इमामभाईच्या हल्याचा किस्सा मात्र मी कोणाला सांगत नाही. तो आज लिहून काढते. माझी चौथी झालेली आहे, लिहिता येतं. आणि तोंडानं सांगायला गेले तर मी त्यात स्वतःला वाचवीन. मला माझं तोंड माहीत आहे.

*

आधी इमामभाई कोण ते सांगते. तो लायनीचा पखाली. पिण्याचं पाणी आम्ही बायका विहिरीवरून आणायचो. बाकी वापरायचं सगळं पाणी इमामभाई डोहावरून आणायचा. हल्याच्या, म्हणजे रेड्याच्या, पाठीवर कातड्याची भलीमोठी पखाल, ती भरायची आणि घरोघर रिकामी करायची. हल्याचं नाव नवाब. काळा कुळकुळीत, डोळे मात्र गरीब. इमामभाईच्या घरात बायको, चार पोरी आणि नवाब. आम्ही चिडवायचो, "काय इमामभाई, कमाई काय म्हणते?" तर म्हणायचा, "मी कायचा कमावतो बाई! कमावते नवाब. मी तं नुसता त्याच्या मागं चालतो!"

तर रिवाल्वर आलं त्या आठवड्यातली गोष्ट. ठाणेदारसाहेब अमरावतीकडचे, शिकलेले, अंगानं बारीक, मिशी तेवढी मोठी. ते म्हणाले, "पाण्यात गोळी मारली की मासे बेशुद्ध होऊन वर येतात. मी वाचलंय."

सगळी लायन डोहावर गोळा झाली. साहेब कमरेइतक्या पाण्यात उतरले, नळी पाण्याखाली धरली आणि चाप ओढला. आम्ही कान झाकून बसलेल्या. आवाज आला तो कसा? कोणी ओलं गोणपाट आपटावं तसा! पाण्याचा एक लोट उठला तो सरळ साहेबांच्या तोंडावर. मिशी खाली लोंबली. टोपी वाहायला लागली. मासा एकही नाही. वर आला तो फक्त चिखल.

बाजूला इमामभाई पखाल भरत होता. तो पाण्यात चार पावलं गेला, पायाच्या बोटांनी चाचपलं, वाकला आणि शिशाचा गोळा उचलून साहेबांपुढे धरला.

"साहेब, तुमची गोळी. इथंच पडली होती."

नळीपासून चार हातांवर! शंभर पावलांवरचा माणूस पाडणारी गोळी, चार हात पाण्यात दम सोडून बसली. घाटावर हसण्याचा नुसता कल्ला झाला. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले.

*

साहेबांना ते झोंबलं. बाहेर येऊन म्हणाले, "हवेत बघा आता!" नळीतलं पाणी काढायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि आमच्या हवालदारांची सांगायची हिंमत झाली नाही. बार निघाला. देवाची कृपा म्हणून हाताला काही झालं नाही. पण नळी मधोमध फुगली! अजगरानं कोंबडी गिळावी तशी.

ठाणेदारीणबाईंनी ती हातात घेऊन पाहिली. मी म्हणाले, "बाई, नळीले दिवस गेले!" त्या बिचाऱ्या पदर तोंडात कोंबून आत पळाल्या.

आता रिपोर्ट करणं आलं. रिपोर्ट नेहमी आमचे हवालदार लिहायचे. त्यांनी लिहिलं, 'पावसाळी दमट हवेने नळी फुगली आहे.'

मी वाचलं आणि कपाळावर हात मारला. "काहो, लोखंड काय दरवाजा आहे, पावसानं फुगाले?"

"तू चूप बस," हवालदार म्हणाले. "बुलढाण्याले कोण पाहाले बसलं? लिवलं म्हंजे झालं."

आणि खरंच झालं की! महिन्यानं नवं रिवाल्वर आलं. सोबत बुलढाण्याच्या गोऱ्या पोलीस कप्तानसाहेबांच्या ऑफिसातली चिठ्ठी, 'पावसाळ्यात हत्यार कोरडे ठेवावे.'

*

त्या चिठ्ठीचं साहेबांनी भलतंच मनावर घेतलं. पुढच्याच पावसाळ्यात पैनगंगा दुथडी चाललेली आणि खबर आली, की पलीकडे बकऱ्यांचा चोर बसला आहे. नावाडी गावाला गेलेला. भोपळ्यांची सांगड बांधून जायचं ठरलं. पण रिवाल्वर कोरडं कसं ठेवायचं?

साहेब माझ्या दारात. "हवालदारीणबाई, काहीतरी करा."

मी माझी माहेरची पितळी घागर काढली. आत चिंध्या घातल्या, त्यात रिवाल्वर ठेवलं, तोंडावर ताटली दाबली आणि कडेनं लाख ओतून अशी बंद केली, की मुंगी जाणार नाही. हवालदारांना बजावलं, "घागरीले पोचा पडला तं घरात पाय ठेवू नका."

साहेब आणि हवालदार सांगडीवरून पलीकडे पोचले. घागर कोरडी. चोर तिथंच, एका दगडावर बसून बिडी ओढत, बकरी शेजारी बांधलेली. पूर उतरल्याशिवाय बकरी घेऊन तोही कुठं जाणार?

साहेब ओरडले, "हलू नकोस! गोळी घालीन!"

चोर म्हणाला, "घाला ना साहेब. पण आधी घागर तं उघडा!"

साहेबांनी नखानं लाख खरवडली. हवालदारांनी दातानं. घागर काही उघडेना. साहेब म्हणाले, "दगडानं फोड!" हवालदार म्हणाले, "साहेब, घागर तिच्या माहेरची आहे." साहेबही मला ओळखून होते. दोघं पुन्हा लाख खरवडायला लागले.

शेवटी चोरालाच दया आली. त्यानं कमरेचा चाकू काढला, सावकाश लाख कापली, ताटली उचलली, रिवाल्वर साहेबांच्या हातात दिलं आणि बकरी तिथंच टाकून निघून गेला. साहेबांनी गोळी घातली नाही.

मी नंतर विचारलं, "काऊन नाही घातली?"

हवालदार म्हणाले, "उपकार केलेल्या मानसावर कशी घालतील वो?"

घागरीला पोचा पडला नव्हता. म्हणून मीही पुढे काही बोलले नाही.

*

एकदा लायनीच्या विहिरीत नाग पडला. दोन दिवस पिण्याच्या पाण्याचे हाल. मी म्हणत होते, टोपली सोडा, जनावर थकलं की आपोआप बसते. पण माझं ऐकतो कोण? साहेब रिवाल्वर घेऊन आले, काठावर ओणवे झाले आणि खाली बार काढला.

विहिरीत बार कोणी काढू नये. त्या आवाजानं छाती फुटायची वेळ आली. गोळी बांधकामाच्या दगडावर आपटली, तिथून समोरच्या दगडावर आपटली, आणि वर येऊन तिनं गडगड्याचा टवका उडवला. गडगडा फिरला, दोर सुटला, बादली विहिरीत. साहेब कानावर हात ठेवून खाली बसले ते चहा येईपर्यंत उठले नाहीत. नाग आपला मजेत पोहतोय!

मग मी दुसऱ्या दोरानं टोपली सोडली. नाग आला आणि शहाण्यासारखा टोपलीत बसला. वर ओढला, शेताच्या बांधावर सोडून दिला.

साहेब म्हणाले, "पाहिलंत? मी घाबरवला म्हणून बसला."

मी म्हणाले, "हो साहेब, आन् बादली काऊन बसली तळाले? तीबी घाबरली असंन!"

*

इथून पुढं मला हसू येत नाही. सांगताना हसते, ते वेगळं.

एका पावसात साहेबांची काडतुसं भिजली. ठाणेदारीणबाईंनी ती माझ्याकडे आणून दिली, "तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच वाळवा." शिकलेली म्हटल्यावर मी फुगले. उन्हात ठेवली असती तर? पण ऊन नव्हतं. मी चुलीशेजारी कोमट राख पसरली आणि त्यात ती ओळीनं मांडली, सांडगे मांडावे तशी. शेजारची शिपायाची बायको तिथंच भाकरी थापत बसलेली.

राखेत एक निखारा राहिला होता.

एकच फुटलं. पितळेचा तुकडा तिच्या कानाजवळून गेला आणि मागच्या भिंतीत रुतला. बोटभर अंतर. तिच्या हातात अजून पिठाचा गोळा.

आणि मी काय केलं? मी तिच्यावर खेकसले, "तिथं कायले बसली वो तू? डोळे फुटले होते का?"

ती म्हणाली, "चुकलं बाई माहं."

त्या दिवशी कोणी मला काही बोललं नाही. लायनीत मला बोलायची कोणाची छाती नव्हती. मला त्याचा अभिमान होता!

*

आता हल्याचं.

उन्हाळा सरत आला होता. डोह आटून अर्धा झालेला. मधल्या खडकावर एक जुनं कासव रोज ऊन खायला बसायचं. साहेबांच्या ते डोळ्यांवर आलं. सकाळच्या वेळी रिवाल्वर घेऊन घाटावर आले. मागे आमचे हवालदार. खालच्या पायरीवर मी सतरंजी धूत होते. पलीकडे, कासवाच्या सरळ रेषेत, नवाब गुडघाभर पाण्यात उभा होता आणि इमामभाई पखाल भरत होता.

साहेब उभ्यानं नेम धरत होते. हात हलत होता. मीच म्हणाले, "साहेब, उभ्यानं काय नेम लागते? खाली येऊन बसा, मंग मारा!"

साहेब माझ्या पायरीवर येऊन बसले. नळी पाण्यापासून हातभर उंच.

पलीकडून इमामभाईनं हात वर केला. "साहेब, ठैरो! जनावर हाये इकडं!"

हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता. पण लिहिते. मीच त्याला ओरडून म्हणाले, "काही होत नाही इमामभाई! पाण्यात पडली तं गोळी चार हातांवर मरते! तूच तं पायानं उचलली होती!"

इमामभाई हसला. त्यानं हात खाली घेतला.

बार निघाला. गोळी कासवाच्या अलीकडे पाण्याला लागली. बुडाली नाही. मी डोळ्यांनी पाहिलं, पाण्यावर नुसती एक रेघ उठली आणि गोळी भुंग्यासारखी घूं करत वर उडाली. कासव डुबुक करून पाण्यात गेलं.

नवाब आधी पुढच्या गुडघ्यांवर बसला. मला वाटलं, पाणी प्यायला बसला. मग पाणी लाल व्हायला लागलं. पखाल एका अंगाला कलंडली आणि भरलेलं पाणी परत डोहात जाऊ लागलं. इमामभाईनं दोन्ही हात त्याच्या मानेवर दाबून धरले होते आणि एकच म्हणत होता, "उठ बे नवाब. उठ बाबा. घरी जाऊ."

*

दुपारी मला ठाण्यात बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर मला आज सोपं गेलं असतं.

ते म्हणाले, "बाई, सरकारी हत्यारानं शिकार, तीही घाटावर. माझी नोकरी गेलीच समजा. पण हवालदार शेजारी उभे होते, त्यांनी मला अडवलं नाही. त्यांचीही जाईल. लायनीतलं घरही."

मी हवालदारांकडे पाहिलं. त्यांनी बुटांकडे पाहिलं.

साहेबांनी कागद पुढे सरकवला. हल्या माजला, पाण्यातून घाटावरच्या बायकांवर धावून आला, म्हणून बायकांचा जीव वाचवायला गोळी घातली, असं लिहायचं होतं. आणि लिहायचं मी.

"दुसऱ्या कोणाचं चालणार नाही," साहेब म्हणाले. "तुमचं तोंड सगळ्या मुलखाला माहीत आहे. हवालदारीण कोणाला भीत नाही आणि खोटं बोलत नाही."

मी लिहिलं. चार ओळी. अक्षर चांगलं आलं. खाली सही केली, शाई पसरू नये म्हणून वर वाळू टाकली आणि फुंकलीसुद्धा! शाळा सोडल्यापासून सरकारी कागदावर माझं नाव मी पहिल्यांदा लिहिलं, ते हे.

आठवड्यानं इमामभाईला कागद आला. माजलेलं जनावर मोकळं सोडलं म्हणून त्याच्यावरच खटला! लायनीचं पाणी बंद, त्याच्या घरची चूल बंद. दुखणं हल्याले आन् डाग पखालीले म्हणतात, ते मी माझ्या सुवाच्य अक्षरात करून दाखवलं.

*

इमामभाईनं मेहकरच्या एका अर्ज लिहिणाऱ्याकडून अर्ज करवला. 'गोळी पाण्यावरून उडून माझ्या हल्याला लागली.' तो वाचून बुलढाण्याचा गोरा कप्तानसाहेब मोटार घेऊन आला. त्याला मोठी गंमत वाटत होती. घाटावर खुर्ची टाकली. सगळी लायन उभी.

"पानी से गोली उडता?" तो म्हणाला. "टेस्ट करेगा!"

ठाणेदार घाटाच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर उभे राहिले आणि सरळ खाली, पायऱ्यांच्या पायथ्याशी पाण्यात बार काढला. गोळी धुप्प करून आत गेली. चार बुडबुडे आले.

कप्तानसाहेब म्हणाला, "देखा? पानी में गोली मर जाता."

मग त्यानं इमामभाईला पुढे बोलावलं. "तुम्हारा जानवर पागल था?"

इमामभाईनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग असता तरी चाललं असतं. नव्हता.

तो म्हणाला, "बाईनं लिवलं आहे ना साहेब? मंग असंन. मी पखाल भरून राह्यलो होतो, माह्यं ध्यान नसंन. पण बाई खोटं नाही बोलत."

नवाबाच्या मानेवर हात दाबून बसलेला माणूस! माझ्या सहीपुढे त्यानं स्वतःचे डोळे खोटे ठरवले!

मी गर्दीतून बाहेर आले. काठावरचा एक चपटा दगड उचलला, खाली वाकले आणि लहानपणी फेकायचो तसा पाण्यावर आडवा फेकला. टप, टप, टप, टप! चार उड्या मारून दगड पलीकडच्या काठावर गेला.

"हे पाहा साहेब! तिरपी मारली का अशी जाते! हल्या माजला नव्हता! मी पाह्यलं!"

कप्तानसाहेबानं टाळ्या वाजवल्या. "व्हेरी गुड! फिर से!"

आणि मी पुन्हा फेकला! साहेबानं सांगितलं म्हणून. या वेळी तीनच उड्या झाल्या. लोकही टाळ्या वाजवायला लागले.

मग कप्तानसाहेबानं कागदांतून एक कागद काढला. "ये किसका सही?"

"माही."

"तुमने लिखा?"

"हो, मीच लिवलं. खोटं लिवलं साहेब. हा हल्या गरीब होता, त्यानं कोणाले शिंग लावलं नाही. खोटं लिवलं मी!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि कागद घडी करून ठेवला.

"बोला हुआ हवा है बाई," तो म्हणाला. "हम लिखा हुआ मानता."

जाताना मेहरबानी म्हणून त्यानं इमामभाईवरचा खटला काढून टाकला. कागदावर हल्या माजलेला तो माजलेलाच राहिला. ठाणेदार ठाण्यात राहिले, हवालदार ड्यूटीवर, आम्ही लायनीत. घरी आल्यावर हवालदार मला म्हणाले, "दगड मस्त फेकला वो तू." मी त्या दिवशी त्यांना वाढलं नाही. नंतर वाटलं, त्यांना उपाशी ठेवणारी मी कोण?

*

दोन दिवसांनी लायनीचं पाणी पुन्हा सुरू झालं. पखाल हल्याशिवाय उचलत नाही. इमामभाईनं कुठूनशी माणसाला पेलेल अशी कातड्याची मशक आणली आणि ती स्वतःच्या पाठीवर घेतली. वाकून, एक हात गुडघ्यावर ठेवून घरोघर यायचा. मला वाटलं, माझं घर टाळेल. टाळलं असतं तर बरं झालं असतं.

मागच्या दारातून आवाज आला, "पाणी, बाई!"

माझा रांजण न्हाणीत, आणि न्हाणी चुलीच्या घराला लागून. आमच्याकडे पखाल्याची एक रीत आहे. न्हाणी बायकांची, म्हणून तो मशकीचं तोंड रांजणावर धरतो आणि मान फिरवून भिंतीकडे पाहत उभा राहतो. रांजण भरला की घरातल्या बाईनं "बस" म्हणायचं. मग तो तोंड आवळतो.

इमामभाईनं मशकीचं तोंड सोडलं आणि मान फिरवली. मी रांजणापाशी उभी. त्याच्या पाठीवर मशकीच्या पट्ट्याचा लाल वळ होता.

रांजण अर्धा झाला. गळ्याला आला. काठाला आला.

माझी हाक लायनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाते. ठाणेदार दचकतात. मी तोंड उघडलं. काही निघालं नाही.

पाणी काठावरून खाली आलं. न्हाणीभर झालं. उंबरा ओलांडून चुलीच्या घरात गेलं. चूल चर्र करून विझली. पिठाचं टोपलं खालून भिजलं. इमामभाईच्या पावलांवर पाणी आलं होतं. पडणारं पाणी त्याला ऐकू येतच असणार. त्यानं मान वळवली नाही. मशकीचं तोंडही आवळलं नाही. मशक पूर्ण रिकामी होईपर्यंत तो भिंतीकडे पाहत उभा राहिला, आणि मी त्याच्या पाठीकडे.

मग त्यानं मशक झटकली, खांद्यावर टाकली.

"येतो बाई," म्हणाला आणि गेला.

शेजारची शिपायाची बायको लुगडं वर धरून धावत आली. "अगं माय! घरात पूर कायचा आला वो, हवालदारीणबाई?"

"मी बस म्हणलं नाही," मी म्हणाले.